सहाशे मीटरला कोण उभं राहणार

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. नववीत आहे ती, घरात सगळे चिऊच म्हणतात. "मावशी, सरांनी माझं नाव आठशे मीटरला टाकलंय, आणि पंधराशेला पण. आईचं ट्रेनिंग आहे पुण्याला, तिला जमून नाही राहिलं. तू येशील ना ग्राउंडवर?" मी हो म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर गॅस बंद करून बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. ग्राउंडवर मी २००५ नंतर पाय ठेवला नव्हता. म्हणजे एकोणीस वर्षं. इथे नागपुरात सीताबर्डीला जाताना यशवंत स्टेडियमवरून गाडी जायची तरी मी दुसरीकडे बघायचे, हे घरात कोणाला माहीत पण नव्हतं.

हे सगळं लिहायचं कारण असं की शाळेच्या मैदानी स्पर्धेला पहिल्यांदा मूल नेणाऱ्या आईबापांना काय काय लागतं ते कोणी नीट सांगत नाही, सगळं तोंडी चालतं. आणि दुसरं, माझ्यासारखे पूर्वी खेळलेले आणि मग कायमचे मैदान सोडलेले लोक बरेच आहेत, त्यांच्यापैकी कोणाला परत जायचं असेल आणि धीर होत नसेल तर त्यांनाही थोडा उपयोग होईल.

आधी माझं थोडक्यात सांगते. मी आठशे मीटर धावायचे, म्हणजे चारशेच्या ट्रॅकचे दोन राउंड. सकाळी साडेपाचला यशवंत स्टेडियमवर, मातीवर फक्कीने आखलेल्या लेन, पावसाळ्यात त्या धुऊन जायच्या मग सर आम्हालाच परत आखायला लावायचे. दहावीत असताना मनपा स्तरावर दुसरी आले आणि विभागीयला गेले. विभागीय म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांच्या पोरी. सर आम्हाला नेहमी श्रीराम सिंगांची गोष्ट सांगायचे, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये आठशेच्या फायनलला आपला माणूस पहिला राउंड सगळ्यांच्या पुढे होता, शेवटी सातवे आले पण वेळ लागली १:४५.७७ आणि तो भारतीय रेकॉर्ड पुढे किती वर्षं कोणाला मोडता आला नाही. तो मोडला थेट २०१८ मध्ये, जिन्सन जॉन्सनने, हे मी नंतर पेपरात वाचलं. तर ती गोष्ट माझ्या डोक्यात इतकी बसली होती की विभागीयला मी पहिला राउंड जीव खाऊन पळाले. १:०८. तोपर्यंतच्या माझ्या कुठल्याही राउंडपेक्षा चार-पाच सेकंद फास्ट. पाचशेपर्यंत पुढे होते. सहाशेच्या जवळ मांड्या दगडासारख्या झाल्या, एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि मी ट्रॅकच्या आत गवतावर जाऊन उभी राहिले. पडले नाही, लागलं नाही, पायात गोळा आला नाही. नुसती थांबले. रेस सोडली. परतीच्या बसमध्ये सर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचा अलार्म लावणं बंद केलं.

बस एवढंच. पण "रेस सोडली" हे दोन शब्द माझ्या अंगाला चिकटून राहिले ते राहिलेच.

आता कागदांचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेने सांगितलं की प्रवेशिका ऑनलाइन भरायच्या आहेत. त्या शाळाच भरते, पालकांना काही करता येत नाही, प्रवेश फी पण शाळेमार्फतच जाते. आपलं काम कागद वेळेवर पोचवणं. आमच्याकडून मागितले ते असे: जन्माचा दाखला, आधार, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणि चार पासपोर्ट फोटो. फोटो चिकटवल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असा घ्यायचा की शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल, नुसता खाली मारलेला शिक्का आमच्या शाळेतल्याच एका पोरीचा परत पाठवला होता. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असतात आणि जन्मतारीख १ जानेवारीच्या हिशोबाने धरतात, त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणी वेगवेगळ्या गटात जाऊ शकतात. चिऊ १७ खाली. १४ खालच्या पोरींना आठशे नसतं, त्यांना सहाशे असतं, हे पण लक्षात ठेवा, काही जण आठशेची तयारी करून येतात.

आमचं अडलं आधारवर. जन्माच्या दाखल्यावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए आणि आधारवर दोन. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ऑनलाइनला नाव जुळलं नाही तर उद्या प्रमाणपत्रावर पण चुकीचं येईल, आत्ताच दुरुस्त करा. बरोबरच होतं त्यांचं. पोस्टातल्या आधार केंद्रावर सकाळी नऊला नंबर लावला, साडेअकराला लागला, ५० रुपये, पावती घेतली. अपडेट व्हायला अकरा दिवस लागले आणि ते अकरा दिवस मी रोज रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर स्टेटस बघायचे. शाळेची शेवटची तारीख होती २४ ऑगस्ट, आमचं आधार आलं २२ ला. तुमच्या मुलाला खेळाची आवड आहे असं वाटलं की जूनमध्येच दाखला आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, ऑगस्टमध्ये नको. फिटनेस सर्टिफिकेटचे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी २०० घेतले, फोटोचे ६०, झेरॉक्सचे तीन सेट काढले ते ४० च्या आत. एक सेट शाळेला, एक स्पर्धेच्या दिवशी पिशवीत, एक घरी.

आणि हो, नंबर आला आणि प्रमाणपत्र मिळालं तर ते लॅमिनेट करू नका. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी शाळेला प्रस्ताव पाठवावा लागतो, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण घ्यायचं तर प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा ओरिजिनल नीट असलेलं बरं. साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायचं.

बूट ही वेगळीच गोष्ट झाली. चिऊ साध्या रनिंगच्या बुटांवर सराव करत होती. मी तिला घेऊन बर्डीला गेले, दोन दुकानं फिरून १,६५० चे स्पाइक्स घेतले, म्हणजे तळाला सुया बसवलेले धावायचे बूट. दुकानदाराने बुटासोबत लांब सुया दिल्या होत्या, त्या मातीवर चालतात, सिंथेटिक ट्रॅकवर नाही. सिंथेटिकला नियमाने जास्तीत जास्त ९ मिलिमीटर, पण ट्रॅक सांभाळणारे लोक ६ च्याच सांगतात, म्हणून ६ चं पाकीट वेगळं घेतलं, १८० रुपये. घरी आल्यावर बघतो तर सुया बसवायची किल्ली बॉक्समध्ये नाहीच. चिऊ रडकुंडीला आली. मग मी कपाटावरची जुनी सूटकेस काढली. तिच्यात फोटोच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी होती, ती हलवल्यावर खुळखुळ वाजली. आत माझ्या गंजलेल्या बारा मिलिमीटरच्या सुया आणि किल्ली. किल्लीची मूठ मी तेव्हा लाल इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली, ती टेप चिकट होऊन बोटांना लागत होती. नव्या बुटाला ती बरोब्बर बसली. एका बुटाला सात सुया, दोन्ही मिळून चौदा, प्रत्येकीच्या आट्यांना टूथपिकच्या टोकाने किंचित व्हॅसलीन लावायचं म्हणजे पुढे जाम होत नाहीत, आणि हाताला घट्ट लागली की अजून पाव फेरा द्यायचा, जास्त नाही. माझे हात ते सगळं आपोआप करत होते. चिऊ नुसती बघत होती. "मावशी, तुला हे कसं येतं?" तेव्हा तिला पहिल्यांदा सांगितलं की मी धावायचे. सोडलेल्या रेसचं नाही सांगितलं.

नवे स्पाइक्स थेट स्पर्धेला घालू नका. निदान चार-पाच वेळा सरावात घाला, नाहीतर पोटऱ्या भरून येतात. चिऊच्या पहिल्या दिवशी आल्याच.

स्पर्धा पोळ्यानंतर होती. २ सप्टेंबरला पोळा, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, आणि पाऊस काही थांबायचं नाव घेत नव्हता. एकदा तारीख आली, पावसाने पुढे ढकलली, शाळेच्या ग्रुपवर रात्री दहाला मेसेज. मी ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकली होती ती रद्द करून परत टाकली. साहेबांनी विचारलं काय काम आहे, मी म्हटलं घरगुती. खरं सांगते, तारीख पुढे गेली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. माझ्या पोटात गोळा यायला लागला होता, धावणार भाची आणि झोप माझी उडालेली.

त्या वाढीव आठवड्यात एक गोष्ट केली ती फार कामाला आली. रविवारी सकाळी एकटीच मानकापूरला जाऊन आले, विभागीय क्रीडा संकुलात, स्पर्धा तिथेच होणार होती. मेट्रो तिथपर्यंत नाही, मी मानेवाड्याहून गाडीनेच गेले, पाऊण तास लागला. आत जाऊन फक्त उभं राहायचं असं ठरवलं होतं. लाल सिंथेटिक ट्रॅक, पांढऱ्या रेषा, पाणी साचलेलं नाही, चिखल नाही, आमच्या वेळी आम्ही ज्याला ट्रॅक म्हणायचो त्याच्याशी काही संबंध नाही. पण पाऊस पडून गेल्यावरचा गवताचा वास तोच. मी बाहेरच्या कडेने हळूहळू चालत गेले आणि कुठे काय आहे ते बघून घेतलं, गाड्या कुठे लावतात, पाणी कुठे, बायकांचं टॉयलेट कुठे, सावली कुठे पडते. आणि दोनशेचा स्टार्ट कुठून होतो ते. कारण आठशेच्या दुसऱ्या राउंडला सहाशे पूर्ण होतात ती जागा तीच, मागची सरळ पट्टी संपत येते आणि शेवटचं वळण लागायचं असतं तिथे. त्या जागेसमोर दहा मिनिटं थांबले. काही झालं नाही. एक काका पंजे चोळत बसले होते, दोन पोट्टे रिलेची काठी बदलायचा सराव करत होते. मी घरी आले आणि त्या रात्री नीट झोपले.

मग पी.टी. सरांना फोन केला, कारण चिऊ सांगत होती की सरांनी पहिला राउंड दाबून काढायला सांगितलाय. मला मध्ये पडायचं नव्हतं, शाळेचे सर आहेत, वर्षभर तेच मेहनत घेतात. पण राहवलं नाही. मी म्हटलं, सर, तिचं ट्रायलचं टायमिंग २:५३ आहे, पहिला राउंड १:१२ मध्ये काढला तर ती सहाशेला उभी राहील. सर म्हणाले, "ताई, तुम्ही धावलेल्या आहात का?" हो म्हटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी असं सरळ हो म्हटलं. सरांनी ऐकून घेतलं, आणि आम्ही दोघांनी मिळून १:१७-१:१८ ठरवलं. मी चिऊला केनियाच्या डेव्हिड रुडिशाचा आकडा सांगितला, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने १:४०.९१ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा पहिला राउंड ४९.२८ चा होता आणि दुसरा ५१.६३ चा. म्हणजे जगातला सगळ्यात भारी माणूससुद्धा दुसऱ्या राउंडला दोन सेकंदांहून जास्त हळू झाला. हळू होणं म्हणजे हरणं नाही, ते या रेसमध्ये होतंच, फक्त किती होऊ द्यायचं ते आपल्या हातात. हे मला पंधराव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर, असं मनात येऊन गेलं, पण माझे तेव्हाचे सर पण त्यांना जे माहीत होतं तेच सांगत होते ना.

गुरुवारी सकाळी साडेसहाला घरून निघालो. रिपोर्टिंग आठला होतं. पिशवीत काय होतं ते लिहून ठेवते कारण अर्ध्या गोष्टी लोक विसरतात: ओळखपत्र आणि कागदांचा सेट, स्पाइक्स, किल्ली, चार जास्तीच्या सुया, आठ सेफ्टी पिना कारण चेस्ट नंबर मिळतो पण पिना मिळतीलच असं नाही, चटई, छत्री, दोन पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, केळी, गूळ-शेंगदाणे, सॅनिटरी पॅड, जास्तीचे मोजे. सकाळी चिऊने दोन पोळ्या आणि उकडलेला बटाटा खाल्ला. गेटबाहेर तर्री पोह्याचा ठेला लागला होता आणि तिच्या मैत्रिणी खाऊन राहिल्या होत्या, तिचं पण मन होत होतं, मी म्हटलं रेस झाल्यावर दोन प्लेट खा.

चेस्ट नंबर मिळायला पाऊण तास. मग नुसतं थांबणं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे मनाशी धरूनच जावं की दिवसातला नव्वद टक्के वेळ थांबण्यात जातो. शंभरच्या हिट्स इतक्या असतात की त्या संपतच नाहीत, मध्ये लांब उडी, गोळाफेक चालू, माईकवर नावं आणि नंबर, अर्धं कळतं अर्धं नाही. आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर १७ खालील मुलींचं आठशे अकराला होतं, झालं पावणेएकला. त्यामुळे वॉर्मअप कधी करायचा हा खरा प्रश्न असतो. मी एक केलं, चिऊला सावलीत बसवलं आणि स्वतः माईकजवळ जाऊन उभी राहिले, आणि मुलांचं आठशे लागलं की तिला हात केला. तिथून तिने हलकं जॉगिंग, स्ट्रेचिंग, चार स्ट्राइड्स म्हणजे थोड्या अंतराच्या जोरात धावा. कॉल रूमला, म्हणजे रेसआधी नावं घेऊन पोरींना जमवतात तिथे, पहिला पुकारा झाला की लगेच जायचं. नाव पुकारताना मूल तिथे नसेल तर कोणी शोधायला येत नाही, आमच्या समोर एक पोरगी टॉयलेटला गेलेली तिचं नाव कापलं गेलं, तिची आई कॉल रूमच्या टेबलापाशी हात जोडून उभी होती. ते बघवत नव्हतं.

तिथेच मला ती भेटली. माझ्याच वयाची, गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी कॅप, दुसऱ्या कुठल्या शाळेची पी.टी. टीचर म्हणून पोरी घेऊन आलेली. ती हसली तेव्हा समोरच्या दातांतल्या फटीवरून ओळखलं. २००५ ला मनपात पहिली आलेली, आणि विभागीयला त्याच रेसमध्ये माझ्या शेजारी उभी असलेली. मला ओलांडून गेलेल्यांपैकी दुसरी तीच होती. मी नाव सांगितलं, तिने दोन सेकंद बघितलं आणि एकदम हात धरला. "अगं तू! कुठे गायब झाली होतीस!"

मी म्हटलं, त्या विभागीयनंतर सोडलं ना मी. रेस सोडली होती, सहाशेला.

ती विचारात पडली. "कोणती गं? तू होतीस का त्या रेसमध्ये? मला तर आठवूनच नाही राहिलं. मला त्या रेसचं एकच आठवतं, माझ्या डाव्या बुटाची सुई निघून गेली होती आणि सगळा शेवटचा राउंड मला वाटत होतं की आता पाय घसरणार."

मी काही बोललेच नाही. एकोणीस वर्षं मी धरून चालले होते की त्या दिवशी सगळ्या मैदानाने मला गवतावर उभं राहिलेलं बघितलं, आणि माझ्या खांद्याला घासून पुढे गेलेल्या पोरीला मी तिथे होते हेसुद्धा माहीत नाही. ती आपल्या सुईच्या काळजीत होती. तेवढ्यात तिच्या पोरींचा पुकारा झाला, तिने माझा फोन नंबर घेतला आणि गेली पण. जाताना वळून म्हणाली, "पोरगी कितीवर धावते तुझी?" भाची आहे, म्हटलं, २:५३. "मग चांगली आहे," म्हणाली.

चिऊ कॉल रूममध्ये गेली. पालकांना त्यापुढे जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. पालक सगळे फिनिशकडे जाऊन मोबाईल काढून उभे राहिले, मी तिकडे गेले नाही. एका स्वयंसेवक पोराला विचारून, प्रेक्षकांना जिथवर जाऊ देतात तिथवर बाहेरच्या कडेने चालत, दोनशेच्या स्टार्टसमोर जाऊन उभी राहिले. एक फार महत्त्वाचं सांगते. तिथे उभं राहून ओरडलं तर चालतं, पण मुलाच्या बाजूने पळायचं नाही, ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही, पाणी द्यायचं नाही. बाहेरच्या माणसाने सोबत पळून पेस दिला तर ती मदत धरतात आणि मूल बाद होऊ शकतं. पळत जायचा मोह होतो, खूप होतो, मी जाळीचा खांब धरून ठेवला होता.

चौदा पोरी होत्या म्हणून लेनमध्ये न उभं करता कमानीसारख्या रेषेवरून एकत्र सोडलं. आठशेला "सेट" नसतं, ऑन युवर मार्क आणि थेट आवाज. पहिल्या वळणावर खांद्याला खांदे, चिऊ बाराव्या नंबरवर फेकली गेली. माझ्या समोरून पहिल्यांदा गेली तेव्हा दहावी होती, चेहरा शांत, हात मोकळे. मी काहीच ओरडले नाही, नुसती मोबाईलची घड्याळ बघत होते. लांबून शेवटच्या राउंडची घंटा ऐकू आली, चिऊ रेषेवरून गेली तेव्हा १:१७. ठरवल्याप्रमाणे.

मग मागच्या पट्टीवर त्या परत दिसायला लागल्या आणि पाचशेनंतर जे व्हायचं तेच व्हायला लागलं. पुढच्या दोघी लांब निघून गेल्या होत्या, पण मधल्या सगळ्यांच्या माना मागे पडायला लागल्या, खांदे कानापाशी आले, एकेकीचा पाय नुसता टेकायला लागला. चिऊने दोघींना टाकलं. मग अजून एकीला. माझ्यापासून तीसेक मीटरवर असताना मी तिचे डोळे बघितले आणि मला कळलं, ती गवताकडे बघत होती. आतल्या बाजूच्या हिरव्या गवताकडे. मला ती नजर माहीत आहे. तिथे गेलं की सगळं थांबेल असं ते गवत सांगत असतं.

मी ओरडले, "चिऊ, हात! हात चालव! हात!" पाय चालव म्हणून काही उपयोग नसतो तेव्हा, पाय ऐकत नाहीत, पण हात ऐकतात आणि हात चालले की पाय मागून येतात. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पण कोपर मागे गेले. एकदा, दोनदा, आणि ती वळणात शिरली. त्यापुढचं मला नीट दिसलंच नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं.

२:४६. पाचवी आली. विभागाला जाण्याइतका नंबर नाही, पण स्वतःच्या टायमिंगपेक्षा सात सेकंद कमी. मी फिनिशपर्यंत पोचले तेव्हा ती आडवी पडली होती, सर तिला उठवून चालवत होते. रेसनंतर लगेच बसू किंवा झोपू देऊ नका, पाच-सात मिनिटं चालवा, पाणी घोटघोट द्या. ती उलटीसारखं करत होती, तेही होतं, घाबरू नका.

"मावशी, मी थांबणार होते," ती म्हणाली. "खरंच थांबणार होते."

मग तिला मी सगळं सांगितलं. गवतावर उभी राहिले ते, बस, सर, अलार्म. आम्ही चटईवर बसलो होतो, ती एकेक सुई काढून पुसून डबीत टाकत होती. सगळं ऐकल्यावर तिने विचारलं, "तुझ्या वेळी तिथे कोण उभं होतं?" कोणीच नाही, म्हटलं. बाबा फिनिशला होते.

गेटबाहेर येईपर्यंत तीन वाजले होते. तर्री पोहेवाला अजून होता, तिने दोन प्लेट खाल्ल्या, ४० रुपये. गाडीवर मागे बसल्यावर म्हणाली, उद्या पंधराशे आहे, ते सहाशेपेक्षा लांब जातं, उद्या तू कुठे उभी राहशील? पंधराशे म्हणजे पावणेचार राउंड, स्टार्ट पलीकडच्या बाजूने, त्यामुळे हिशोब वेगळा. मी मानकापूरच्या सिग्नलला थांबून विचार केला. हजारला, म्हटलं, शंभरच्या स्टार्टपाशी. तिथे सावली नाही, छत्री घेऊन येते.